जिन्यातला दिवा आणि आयर्विनची पातळी

सांगली,
रविवार, रात्री

प्रिय दोस्ता,

परवा फोनवर तू विचारलंस, "नववीच्या पोरांना कॉम्प्युटर शिकवतोस म्हणजे नक्की काय शिकवतोस?" दोन वाक्यांत सांगून भागण्यातलं ते नव्हतं. आज सवड मिळाली, म्हणून लिहायला बसलोय.

आपल्या वेळचं आठव. एका तासाला मॉनिटर, की-बोर्ड, सीपीयू यांची आकृती काढून नावं द्यायची. पुढच्या तासाला थेट फळ्यावर बेसिक या भाषेतला प्रोग्रॅम. डबा आणि प्रोग्रॅम यांच्या मध्ये काय आहे, हे आपल्याला कुणी दाखवलंच नाही. तारेतून वाहणाऱ्या विजेला बेरीज कशी येते, हा प्रश्न मला कॉलेज संपेपर्यंत टोचत होता. या वर्षी ठरवलं, ते मधलंच शिकवायचं.

शाळेच्या अडगळीत 2019च्या महापुरात बुडालेले दोन कॉम्प्युटर पडून होते. गंजलेल्या स्क्रूंत तेल सोडून ते उघडले. आत कृष्णेचा गाळ वाळून पापुद्रे सुटले होते. पोरींनी जुन्या टूथब्रशनं बोर्ड घासून काढला. रॅमची पट्टी दोन्ही बाजूच्या क्लिपा दाबून खाचेतून कशी सुटते, हे प्रत्येकाला आपल्या हातानं करायला दिलं. वीज पुरवणारा एसएमपीएसचा डबा मात्र उघडू दिला नाही. वायर काढली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली राहू शकते, म्हणून तो न उघडायची सवय आधीपासूनच लागलेली बरी. हार्ड डिस्कच्या पोटात आरशासारखी तबकडी निघाली, त्यात तोंड बघायला रांग लागली. सगळं त्या तबकडीवर साठतं आणि कामापुरतं रॅममध्ये येतं, असं मी सांगत होतो, तेवढ्यात हरिपूरचा एक पोरगा म्हणाला, "म्हणजे सर, हे आमचं जमिनीतलं हळदीचं पेव! आणि ती पट्टी म्हणजे सौद्याला काढलेला माल." मी म्हटलं, बरोबर, फक्त वीज गेली की सौद्यातला माल पुसला जातो, पेवातला राहतो.

शून्य आणि एक कसे सांगावेत, यावर मात्र मी आठवडाभर अडून बसलो होतो. वाट सापडली ती शेजारच्या वर्गातल्या मराठीच्या तासाला. बाई वृत्तं शिकवत होत्या आणि पोरं एका सुरात म्हणत होती, यमाताराजभानसलगा. अरे, लघु म्हणजे 0 आणि गुरू म्हणजे 1 धर की! गणात अक्षरं तीन, प्रत्येक जागी शक्यता दोनच, म्हणून गण आठ. नववा निघूच शकत नाही. न गणाला 000 आणि म गणाला 111 मी लिहिलं, बाकीचे पोरांनी भरले. उजवीकडून घरांची किंमत 1, 2, 4 धरली की य गण 011, म्हणजे 3. र गण 101, म्हणजे 5. लघु-गुरूंच्या अशा सगळ्या जुळण्या ओळीनं मांडायची रीत प्राचीन पंडित पिंगलाच्या छंदशास्त्रात आहे, हे सांगितलं तेव्हा बाईही दारात थांबून ऐकत होत्या.

आता खरी गोष्ट. एका पोराचे वडील वायरमन आहेत. त्यांना विचारलं, जिन्यातल्या दिव्याचं कनेक्शन पोरांना दाखवाल का? खाली एक बटण, वर एक. दोन्ही बटणं एकसारखी असली की दिवा बंद, वेगळी असली की चालू. आणि 0 अधिक 1 म्हणजे 1, 0 अधिक 0 म्हणजे 0, हे तेच नाही का? राहिलं 1 अधिक 1. तिथं दोन होतात, म्हणून या घरात 0 येतो आणि हातचा एक. हातच्यासाठी दुसरा दिवा, दोन बटणं एकापाठोपाठ जोडलेली, दोन्ही दाबली तरच पेटणारा. वायरमननी डीपीडीटी स्विच आणले, म्हणजे एकाच बटणानं दोन्ही दिव्यांच्या तारा हलतात. प्लायवूडच्या तुकड्यावर दोन एलईडी बसवले, खाली बॅटरी. एका पोरीनं पहिलं बटण वर केलं, बेरजेचा दिवा लागला. दुसरं वर केलं, तो विझला आणि शेजारचा पेटला. क्षणभर वर्गात कुणी बोललंच नाही. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, हातचा आला!"

बोट काढून घेतलं तर बटण कोण दाबणार, असा पुढचा प्रश्न आलाच. माझ्याकडे एकच रिले होता. एका सर्किटची वीज सोडली की तो टक् करून दुसरं सर्किट जोडतो. विजेनं दाबलेलं बटण ते हेच, मी म्हटलं. ट्रान्झिस्टर हेच काम करतो, फक्त न हलता, न वाजता. 1971 साली आलेल्या इंटेल 4004 या चिपवर साधारण 2300 ट्रान्झिस्टर होते, आज मोबाईलमधल्या चिपवर अब्जावधी असतात.

त्यानंतर पायथॉन ही प्रोग्रॅमची भाषा शिकवणं सोपं गेलं. सूचना म्हणजे अशीच बटणं दाबायचा हुकूम, हे त्यांना सांगावं लागलं नाही. पहिला प्रोग्रॅम आपल्या गावचाच घेतला. पावसाळ्यात सांगलीत जो तो कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी विचारतो, आयर्विनला किती फूट? 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका. पोरांनी लिहिलं: पातळी 40 किंवा जास्त असेल तर "इशारा" छाप, नाहीतर 45 किंवा जास्त असेल तर "धोका" छाप. 38 घातलं, काही नाही. 42 घातलं, इशारा. सगळे खूश. मग एका मुलीनं 57 घातलं, 2019ची पातळी. पडद्यावर आलं, "इशारा".

ती म्हणाली, "सर, हे चुकतंय. 57ला आम्ही पत्र्यावर बसलो होतो."

मी काहीच बोललो नाही. तिनंच एकेका ओळीवर बोट ठेवत वाचलं. 57 हे 40 पेक्षा जास्त आहेच, म्हणून पहिलीच अट खरी ठरते आणि खालच्या ओळीकडे तो बघतच नाही. तिनं दोन्ही अटींची अदलाबदल केली, पुन्हा 57 घातलं, "धोका" आलं. मग तिनं 45 घातलं, 44 घातलं, 40 घातलं, 39 घातलं. कुणी सांगितलं नव्हतं.

आता तुझ्याकडे काम. पुढच्या महिन्यात येशील तेव्हा पुण्याच्या बुधवार पेठेतून वीसेक रिले घेऊन ये, पाच व्होल्टचे, दोन चेंजओव्हरवाले, म्हणजे एकदम दोन सर्किटं बदलणारे. चार घरांची बेरीज करायची आहे, हातचा एका घरातून पुढच्या घरात टक् टक् करत जाताना पोरांना ऐकू आला पाहिजे. पैसे आल्यावर देतो. मुक्काम आमच्याकडेच कर, शनिवारी सकाळच्या शाळेला माझ्याबरोबर चल. वहिनींना नमस्कार, चिमणीला गोड पापा.

तुझाच,
मास्तर