मधल्या रकान्याबद्दल आभार

आदरणीय मॅडम,

सविनय नमस्कार.

येत्या सत्रापासून स्पॅनिशचा प्राथमिक पातळीचा वर्ग मी स्वतंत्रपणे घेणार आहे. गेले दोन आठवडे त्याची पाठ टाचणे काढते आहे आणि प्रत्येक टाचणात कुठे ना कुठे आपला आवाज ऐकू येतो आहे. समोरासमोर आभार मानलेले आपल्याला चालत नाही. मागे एकदा प्रयत्न केला, तर आपण ‘अनियमित क्रियापदे पाठ झाली का?’ असे विचारून विषयच बदललात. म्हणून हे जाहीर पत्र. स्पॅनिश शिकणाऱ्या आणि पुढे ती शिकवू पाहणाऱ्या इतर मराठी विद्यार्थ्यांनाही त्यातले काही उपयोगी पडेल, असे वाटते.

माझा पहिला सराव पाठ आपल्याला आठवत असेल. विषय होता ‘सेर’ आणि ‘एस्तार’ ही दोन क्रियापदे. मराठीत दोन्हींसाठी आपण ‘असणे’ वापरतो, त्यामुळे कोणते कुठे, हा प्रश्न पहिल्याच महिन्यात उभा राहतो. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते: कायमचे असेल तर सेर, तात्पुरते असेल तर एस्तार. नियम छोटा होता, यमक जुळावे तसा कानाला गोड होता आणि मला तो पाठ होता. पंधरा मिनिटांत एका मुलाने हात वर केला आणि विचारले, “मग ‘तो मेलेला आहे’ याला ‘एस्ता मुएर्तो’ का म्हणतात? मरण तात्पुरते असते का?” वर्ग हसला. मी ‘तो अपवाद आहे’ असे सांगून पुढे गेले आणि लगेच ‘कार्यक्रम सभागृहात आहे’ या वाक्यात एस्तार घालून मोकळी झाले, कारण कार्यक्रम दोन तासांत संपतो. वस्तू कुठे आहे हे सांगताना एस्तार येते, पण एखादा कार्यक्रम कुठे आहे हे सांगताना सेर लागते, हे मला त्या क्षणी आठवले नाही. आपण शेवटच्या बाकावर बसला होतात. मान खाली घालून काहीतरी लिहीत होतात, मध्ये एक शब्दही बोलला नाहीत.

तास संपल्यावर लाल शाईचे पान हाती पडेल, अशी माझी तयारी होती. प्रत्यक्षात मिळाली ती तीन रकान्यांची वही. विद्यार्थी काय म्हणाला, तो तसे का म्हणाला असेल, पुढच्या तासाला काय करायचे. पहिला आणि तिसरा रकाना आपण भरला होतात, मधला कोरा होता. “हा तू भर,” एवढेच म्हणालात. कार्यक्रमाच्या ओळीत ‘विद्यार्थी’ म्हणून माझेच नाव लिहिलेले होते. त्या एका ओळीपायी माझी रात्र गेली. शेवटी लिहिले: विद्यार्थिनीला नियम पाठ होता, म्हणून तिने वाक्याकडे पाहिले नाही. मग हळूहळू उमगत गेले, की एस्तारचा संबंध काळाच्या लांबीशी नसून अवस्थेशी आहे, आणि मरण ही घडून गेलेल्या गोष्टीतून उरलेली अवस्थाच आहे. ‘एस आबुर्रीदो’ म्हणजे तो कंटाळवाणा आहे आणि ‘एस्ता आबुर्रीदो’ म्हणजे तो कंटाळलेला आहे, ही एक जोडी फळ्यावरच्या नियमापेक्षा जास्त काम करते, हे मला त्या कोऱ्या रकान्याने शिकवले.

याच रकान्यात पुढे एक अनपेक्षित गोष्ट सापडली. एका विद्यार्थ्याने ‘मला पुस्तके आवडतात’ यासाठी ‘यो गुस्तो लोस लिब्रोस’ असे लिहिले होते. तो तसे का म्हणाला असेल? मराठीतून विचार केला असता, तर चूक झालीच नसती. ‘मे गुस्तान लोस लिब्रोस’ या वाक्यात ‘मे’ म्हणजे ‘मला’, आणि क्रियापद अनेकवचनी होते ते पुस्तकांमुळे, अगदी ‘आवडतात’सारखेच. ती चूक इंग्रजीची, ‘आय लाइक’च्या साच्याची होती. आमची बहुतेक पाठ्यपुस्तके इंग्रजीतून स्पॅनिश समजावणारी, त्यामुळे जी वाट सरळ होती ती आम्ही उगाच वळसा घालून चालत होतो. आपण त्या मुलाला फक्त विचारलेत, “हे घरी कसे म्हणशील?” त्याने मराठी वाक्य म्हटले, वहीकडे पाहिले आणि स्वतःच खोडून दुरुस्त केले. मी शिकवण्याची जी काही कला पाहिली आहे, त्यात त्या अर्ध्या मिनिटाइतके नेमके दुसरे काही पाहिलेले नाही.

दुसऱ्या वर्षी सब्जंक्टिव्हचे, म्हणजे इच्छा किंवा शंका सांगताना येणाऱ्या क्रियापदाच्या रूपांचे, भयही आपण असेच घालवलेत. रूपांचे तक्ते पाठ करून आम्ही मेटाकुटीला आलो होतो. आपण शाळेतल्या व्याकरणातला विध्यर्थ आठवायला लावलात. ‘तो येतो आहे, असे मला वाटते’ म्हणजे ‘क्रेओ के बिएने’, पण ‘त्याने यावे, अशी माझी इच्छा आहे’ म्हणजे ‘किएरो के बेंगा’. ‘येतो’ आणि ‘यावे’ यांतला फरक आम्ही लहानपणापासून न चुकता करत होतो, फक्त त्याला नाव आहे हे विसरलो होतो. त्याच तासाला आपण पुढची पायरीही दाखवलीत: ‘नो क्रेओ के बेंगा’, म्हणजे ‘तो येईल असे मला वाटत नाही’. इथे स्पॅनिशमध्ये सब्जंक्टिव्ह टिकतो आणि मराठीत मात्र ‘यावे’ जाऊन ‘येईल’ येते. मराठीचा हात कुठे धरायचा याइतकेच तो कुठे सोडायचा हेही टिपून ठेवा, असे आपण म्हणाला होतात.

आघाताच्या बाबतीत तर धरायला हातच नव्हता. ‘आब्लो’ या शब्दात पहिल्या अक्षरावर जोर दिला तर ‘मी बोलते’, शेवटच्या अक्षरावर दिला तर ‘तो बोलला’. तोंडी परीक्षेत मी स्वतःबद्दल बोलता बोलता सगळे श्रेय कुण्या अनोळखी माणसाला देऊन टाकले होते. त्यानंतर बाकावर बोटांनी ठेका धरून वाचायला लावलेले ते तास मी विसरणार नाही. (शेजारच्या वर्गातली मंडळीही विसरली नसतील.)

एका गोष्टीची कबुली राहिली आहे. स्पॅनिश व्याकरणकार नेब्रिहाच्या १४९२ च्या व्याकरणावर आपण दोन तास खर्च केलेत, तेव्हा मी मनातून कुरकुरले होते. परीक्षेत येणार नाही ते कशाला, असे वाटले होते. आता टाचणे काढताना सारखे आठवते, की कास्तिलियन, म्हणजे स्पॅनिश, भाषेच्या त्या पहिल्या छापील व्याकरणाचा पाचवा भाग परभाषिकांसाठीच लिहिलेला होता. ज्याची ती मातृभाषा नाही त्याला ती वेगळ्या प्रकारे सांगावी लागते, हे नेब्रिहाला तेव्हाच उमगले होते. मला ते सराव पाठात फजिती झाल्यावर उमगले.

आणखी एक प्रसंग. एका मुलीने ‘तू तिएनेस’ (तुझ्याकडे आहे) याच्या जागी ‘बोस तेनेस’ लिहिले होते आणि मी ते लाल शाईने खोडले होते. आपण वही पाहून मधल्या रकान्यात लिहिलेत: “चूक नाही. अर्जेंटिनात असेच बोलतात. हिने कुठे ऐकले, ते विचार.” ती गाणी ऐकून शिकली होती. मी तिची माफी मागितली, आणि त्या दिवसापासून लाल पेन पर्समध्येच राहते.

नव्या वर्गासाठी वही आखून ठेवली आहे. मधला रकाना या खेपेस बाकीच्या दोन्हींपेक्षा रुंद घेतला आहे. सेर आणि एस्तारचे टाचण मात्र चौथ्यांदा लिहूनही फळ्यावर पहिली ओळ कोणती लिहायची ते ठरत नाही. ते घेऊन पुढच्या आठवड्यात आपल्याकडे येते आहे. त्या वेळी आभारांबद्दल एक अक्षरही काढणार नाही.

आपली विद्यार्थिनी