लीक टेस्टसाठी आलेल्या किरणोत्सार सुरक्षा अधिकाऱ्यांना जाहीर आभारपत्र

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

सोलापूरजवळच्या आमच्या सिमेंट कारखान्यात, हॉपरमधील मालाची पातळी मोजणाऱ्या गेजमध्ये सीझियम-१३७ या किरणोत्सारी पदार्थाचा सीलबंद स्रोत, म्हणजे बंद कॅप्सूलमध्ये ठेवलेला पदार्थ, आहे. कॅप्सूलमधून पदार्थ बाहेर पाझरतो का हे पाहणाऱ्या लीक टेस्टच्या अहवालाची पोच कार्यालयाने आपल्याला दिलीच आहे. हे पत्र मात्र इन्स्ट्रुमेंट विभागातील आम्हा सर्वांच्या वतीने, त्या दिवशी आपण कामगारांसाठी जो वेळ दिलात त्याबद्दल आहे.

गेजजवळ किरणोत्सार मोजणारा सर्व्हे मीटर नेला की काटा हलतो, म्हणून "रेडिएशन गळतंय" अशी कुजबुज आमच्याकडे फार दिवसांपासून होती. आपण ती हसण्यावारी नेली नाहीत. दिव्याचा उजेड बाहेर येणे वेगळे आणि दिव्यातले तेल सांडणे वेगळे; उजेड म्हणजे किरण आणि तेल म्हणजे कॅप्सूलमधला पदार्थ, असे आपण सांगितलेत आणि तेलुगू व कन्नड बोलणाऱ्यांनाही ते नीट कळावे म्हणून आमच्या ऑपरेटरकडून त्यांच्या भाषेत पुन्हा सांगवून घेतलेत, याचे मला फार अप्रूप वाटते.

गेजमधून येणारे किरण अडवणारे शटर बंद करून कुलूप लावल्यावर, स्पिरिटमध्ये भिजवलेला स्वॅब चिमट्यात धरून आपण शटरच्या कडा आणि आवरणाचे सांधे सावकाश पुसलेत. कॅप्सूलमधून काही पाझरलेच तर ते याच फटींशी सापडते, त्यामुळे कॅप्सूलला हात लावून अंगावर विनाकारण किरणांचा डोस घ्यावा लागत नाही, हे तेव्हा सर्वांना उमगले. तो स्वॅब पिशवीत घालून गेजपासून लांब नेऊन, आधी कोरा स्वॅब मोजून मगच आपण मोजलात. आंतरराष्ट्रीय मानकातील मर्यादा २०० बेकरेलची (बेकरेल हे किरणोत्सार मोजण्याचे एकक), आणि आमच्या स्वॅबवर कोऱ्यापेक्षा वेगळे काहीच आढळले नाही.

१९८७ मध्ये ब्राझीलमधील गोयानिया शहरात भंगारात गेलेल्या उपचारयंत्राची कॅप्सूल फुटली, तेव्हा क्षाररूपातले हेच सीझियम हातोहाती घराघरांत पोचले आणि चार जण दगावले. हे आपण कोणालाही न घाबरवता सांगितलेत, म्हणूनच आमच्या लोकांना आता मीटरच्या काट्यापेक्षा कॅप्सूल शाबूत आहे की नाही, याची काळजी अधिक वाटते.

सीझियमचे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षांचे असल्याने हा स्रोत आमच्यापैकी अनेकांच्या नोकरीपेक्षा जास्त काळ टिकणार आहे. म्हणून पुढील चाचणीच्या वेळी नव्याने रुजू झालेल्या मुलांनाही सुरक्षित अंतरावर उभे राहून ती पाहू द्यावी, ही नम्र विनंती. त्यांची नावे आम्ही आधीच कळवू.

आपली कृतज्ञ,
इन्स्ट्रुमेंट विभागातील एक अभियंता, सोलापूर