भावा, ‘खाली घे’ म्हणत राहिलास त्याबद्दल

प्रिय मित्रा,

नाव लिहिलंस तर बघ असा दम तू आधीच भरलायस म्हणून नाव लिहीत नाही, पण आपल्या शूटिंग रेंजवरच्या सगळ्यांना दोन ओळीत कळणार आहे कुणाबद्दल चाललंय ते, त्याला माझा इलाज नाही. तोंडावर थँक्यू म्हटलं की तू “आधी चहा सांग” म्हणून विषय बदलतोस. म्हणून हे असं चारचौघात लिहितोय, आता काय बदलायचं ते बदल.

आधी बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. कोल्हापुरात शूटिंग म्हटलं की लोकांना रायफल आठवते, आणि त्यात चुकीचं काही नाही. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकला वर्ल्ड चॅम्पियन झाली ती ५० मीटर रायफल प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून मारायच्या प्रकारात, आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला २०२४ मध्ये ब्राँझ आणलं तेही रायफल थ्री पोझिशनमध्येच. त्या ऑगस्टनंतर तर आमच्या गल्लीतला प्रत्येक बाप पोराला रायफल कुठं शिकवतात विचारत फिरत होता. मीही त्यातलाच, फरक एवढाच की पोरगं नाही मीच शिकायला निघालो, चाळिशी ओलांडून. तू ऐकलंस, हसला नाहीस (हे विशेष), आणि म्हणालास की जॅकेट, पँट, स्लिंग, बूट एवढं सगळं घेत बसण्यापेक्षा पिस्तूल धर, आपल्या राहीनं, म्हणजे राही सरनोबतनं, २०१८ च्या एशियन गेम्सला २५ मीटर पिस्तूलमध्ये गोल्ड घेतलंय ते पण शूट-ऑफ, म्हणजे बरोबरी फोडायची जादा फेरी खेळून, आपल्याच गावची हाय. आणि पिस्तुलाला अंगावर काय लागतं तर शर्ट-पँट. बूटसुद्धा घोटा झाकणारे चालत नाहीत.

एअर पिस्तूल एका हातात धरायचं, दुसरा हात खिशात नाहीतर पट्ट्यात, आणि १० मीटरवर मारायचं. ऐकायला काहीच नाही. त्यात दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं. तू पहिल्या दिवशी खिशातून शर्टाचं बटण काढलंस, भिंतीवर चिकटवलंस, मला लाइनवर आणून उभं केलंस आणि म्हणालास, “हे दहा. दिसतंय का?” दिसत नव्हतं. मग म्हणालास, “दिसायची गरजच न्हाई.” हे काय बोलतोय ते मला बऱ्याच उशिरा कळलं.

त्या संध्याकाळी एक पण पेलेट, म्हणजे छर्रा, मारू दिला नाहीस. बोट ट्रिगरच्या बाहेर, नळी टार्गेटकडं, पिस्तूल खाली ठेवताना चेंबर उघडा आणि सेफ्टी फ्लॅग (पिस्तूल रिकामं आहे हे दाखवणारी खूण) आत, पुढं माणूस गेला की हात टेबलावरच्या कशालाच लावायचा नाही. नुसतं उचलायचं नि ठेवायचं. मला राग आला होता खरं सांगायचं तर, पेट्रोल जाळून आलो होतो. पण आज कुणी नवीन पोरगं लाइनवर वळून हातातलं पिस्तूल मित्राला दाखवायला लागलं की माझ्याच अंगावर काटा येतो आणि तुझ्याच आवाजात ओरडतो. एअर पिस्तूल आहे, पॉइंट १७७ इंचाचा छर्रा आहे, लायसन्स लागत नाही म्हणून खेळणं समजणारी माणसं बघितली की तुझा तो पहिला दिवस किती कामाचा होता ते कळतं.

आता मुद्द्याचं. माझा हात हलायचा. सगळ्यांचाच हलतो, पण मला वाटायचं माझाच हलतोय, आणि मी काय करायचो तर पुढची साइट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, बरोब्बर टार्गेटच्या काळ्या गोलाखाली आली की पटकन दाबायचो, आत्ता आहे तर आत्ता घेऊ, पुढच्या क्षणी जाईल. शॉट जायचा खाली डावीकडं, घड्याळात सात असतात तिथं, म्हणजे सात वाजता. परत तसंच, परत सात वाजता. तू दोन-तीन सिरीज (दहा-दहा शॉट्सच्या) नुसता बघत उभा होतास, मग एक वापरलेलं टार्गेट उलटं करून पेनानं मागच्या बाजूला रेघा मारल्यास. तो कागद माझ्याकडं अजून आहे. तुझं शिरोलीच्या एमआयडीसीतलं डोकं, सगळं मिलिमीटरमध्ये. मागच्या साइटपासून पुढच्या साइटपर्यंत समज ३२ सेंटिमीटर. हात अख्खा, पिस्तूल न वाकवता, १ मिलिमीटर बाजूला गेला तर टार्गेटवर पेलेट पण १ मिलिमीटरच जातो, दहा तो दहाच राहतो. पण हात जागेवर आणि पुढची साइट मागच्या साइटच्या खाचेत १ मिलिमीटर कलली, तर १० मीटरवर जाऊन ते ३ सेंटिमीटरच्या पुढं जातं. म्हणजे दहाच्या जागी सात. “हात हलणारच की लेका, जित्ता हाईस न्हवं? हलू दे. खाच बिघडू देऊ नकोस.”

बास. एवढंच. मी व्हिडिओ किती बघितले असतील, श्वास कसा घ्यायचा, पाय किती अंतरावर, कुठल्या देशाची टीम कसा व्यायाम करते, पण हे गणित असं कुणी कागदावर मांडून दाखवलं नव्हतं. तेव्हा कळलं की मी पटकन दाबत होतो त्या झटक्यातच खाच कलत होती, आणि हलणाऱ्या हातानं माझं कधीच एवढं नुकसान केलं नव्हतं. दहा दिसायची गरज नाही याचा अर्थ पण तोच. नजर पुढच्या साइटवर, टार्गेट धुरकट, काळ्याच्या खाली पांढऱ्यात कुठंतरी धरायचं आणि ट्रिगर हळू मागं घेत राहायचं.

आणि मग ते तुझं ‘खाली घे’. मी पिस्तूल उचललं, स्थिर झालं, सहा-सात सेकंद झाले, शॉट गेला नाही, की मागून आवाज, खाली घे. मला वाटायचं आता एवढं धरलंय तर मारून टाकू. नाही. खाली घे. तेवढ्या सेकंदांनंतर डोळा साचलेलं चित्रच बघत राहतो, छातीतली हवा संपत येते, आणि आपण दाबतो ते शॉट चांगला आहे म्हणून नाही तर कंटाळा आला म्हणून, असं तुझं म्हणणं. ६० शॉट्सना ७५ मिनिटं असतात, एका शॉटला सव्वा मिनिट, कोण मागं लागलंय तुझ्या? एका संध्याकाळी तर मारलेल्यापेक्षा खाली घेतलेलेच जास्त झाले. शेजारच्या लेनवरची शाळकरी पोरगी हसत होती. ती आता स्टेटला क्वालिफाय झालीय, आणि ती तर माझ्याहून जास्त वेळा खाली घेते हे मी नंतर नीट बघितलं.

एक उलट उदाहरण पण तूच दिलं होतंस. मनू भाकर, टोकियो, पात्रता फेरी चालू असताना पिस्तूलच बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला, उरलेल्या वेळात घाईनं मारावं लागलं तरी ५७५ मारले, फायनल थोडक्यात हुकली. आणि तीच पोरगी तीन वर्षांनी पॅरिसला दोन ब्राँझ घेऊन आली. मी म्हटलं बघ, घाईत पण मारता येतं की. तर म्हणालास, “तिच्यावर घाई आली हुती. तू सोताहून आणतोस.”

चष्म्याचा किस्सा लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. माझी साइटच फुटत होती, म्हणजे पुढच्या साइटच्या कडा मला धारदार दिसतच नव्हत्या आणि मी समजत होतो सगळ्यांना असंच दिसतं. तू एकदा सहज विचारलंस, कडा दिसते का रे स्वच्छ? नाही म्हटल्यावर सुतळी घेतलीस, मी पिस्तूल धरून उभा, आणि माझ्या डोळ्यापासून साइटपर्यंत सुतळी लावून गाठ मारलीस. ती सुतळी घेऊन आपण चष्म्याच्या दुकानात. दुकानदार विचारतोय नंबर वाचायचा हवा का लांबचा, तू म्हणतोस दोन्ही नको, या गाठीवरचा पाहिजे. त्याला वाटलं आपण पिऊन आलोय. मग तू त्याला शांतपणे सांगितलंस की लांबच्या नंबरमध्ये अर्धा नाहीतर पाऊण प्लस घालून दाखवा, आणि माझ्या हातात टोपण लावलेला पेन देऊन तो हात लांब करून बघायला लावलास. पाऊणवर पेनाच्या टोपणाची कड अशी उठली की मी दुकानातच ओरडलो. डावा डोळा झाकायला त्याच्यापुढं जुन्या लग्नपत्रिकेचा तुकडा कापून लावलास तो पण अजून तोच आहे. किती जण चाळिशीनंतर ‘आता जमत नाही’ म्हणून हे सोडत असतील आणि भानगड फक्त पाऊण नंबरची असेल, असं मला राहून राहून वाटतं.

ग्रिपचं, म्हणजे मुठीचं, तर काय सांगू. पिस्तूल लाखाच्या पुढची वस्तू, तुझी स्वतःची, मला वापरायला दिलीस हेच मोठं, वर त्या ग्रिपवर माझ्या हातासाठी कानस चालवलीस. मी डोळे मिटून घेतले होते. हाताला टाल्कम पावडर लावून पकडायला लावायचास, मग बघायचास पावडर कुठं उमटली, कुठं नाही, जिथं पोकळ तिथं एमसील, जिथं दाबतंय तिथं कानस, परत पावडर. तळहाताखालचा तो आडवा भाग एक सूत वर घेतलास आणि दुसऱ्या दिवशी पिस्तूल उचललं तर साइट आपोआप खाचेत मधोमध. डोळे मिटून उचललं तरी मधोमध. हा प्रकार मला अजून जादूच वाटतो, तू काहीही म्हण.

आणखी एक सवय तू लावलीस तिच्याबद्दल वेगळे आभार. शॉट गेला की पुलीच्या स्विचवर तुझा हात. कागद जवळ आणू द्यायचा नाहीस. आधी सांग कुठं गेला. मी म्हणायचो दहा असेल. “असेल नको, सांग.” मग सांगायचो नऊ, तीन वाजता. मग कागद तारेवरून डुलत यायचा. सुरुवातीला काहीच्या काही सांगायचो. पुढं पुढं जुळायला लागलं, आणि ज्या दिवशी मी आठ, पाच वाजता म्हटलं आणि बरोब्बर तिथंच भोक निघालं त्या दिवशी तू आठला टाळी दिलीस. दहाला कधी दिली नाहीस. रेंजवरच्या लोकांना कळेना आठ मारून हे दोघं का नाचतायत.

घरी पण तुझ्यामुळं बदल झालेत, ते ऐकून घे. रोज रात्री जेवण झालं की मी हॉलमध्ये कोऱ्या भिंतीसमोर ड्राय फायर करतो, टार्गेट नाही, पेलेट नाही, नुसती पांढरी भिंत आणि साइट. आई पहिल्यांदा म्हणाली भिंतीनं तुझं काय वाकडं केलंय. आता तिला वेळ पाठ झालीय, सिरियलचा आवाज कमी करते. खंडेनवमीला तिनं पिस्तूल पाटावर मांडलं, झेंडूचं फूल वाहिलं, आणि हळद-कुंकवाची बोटं ट्रिगरकडं निघाल्यावर मी जो ओरडलो की बायको स्वयंपाकघरातून धावत आली. शेवटी कुंकू पेटीला लागलं. तुला फोनवर सांगितलं तर तू म्हणालास, काकींना सांग पिस्तुलाच्या हवेच्या सिलेंडरला पण लावू नका, २०० बारचा हाय.

जिल्ह्याच्या स्पर्धेत मी काय मेडल-बिडल घेतलं नाही, तुला माहीतच आहे. माझ्या स्कोअरवर कुणी पत्र लिहिणार नाही. पण शेवटच्या सिरीजला हात जड झाला होता, घड्याळात भरपूर वेळ होता, मी उचललं, नीट नव्हतं, खाली घेतलं. परत उचललं, परत खाली. मागं प्रेक्षकांत तू उभा होतास आणि तुला बोलायची परवानगी नव्हती, बोलून कोचिंग चालत नाही ना फायरिंग पॉइंटवर. तरी मला ऐकू येत होतं. मग दहा गेला. बघायच्या आधी सांगितला होता मनात, दहा, किंचित वर.

तू आठवड्यातली तुझी सुट्टी माझ्यावर घालवलीस, डब्यातले पेलेट मोजून न देता दिलेस, कधी पैशाचा विषय काढला नाहीस आणि मी काढला तर शिवी घातलीस. तुझ्या शिकवायच्या पद्धतीत मला एक गोष्ट पटत नाही ती पण लिहून टाकतो, म्हणजे सगळं गोडगोड झालं असं वाटायला नको. माणूस चहा पीत असताना त्याचं मनगट तपासायचं नसतं. सांडतो.

बाकी रविवारी येतोयस ना? सिलेंडर भरून आणलाय. येताना कानस आण, अंगठ्याखाली अजून टोचतंय, आणि या वेळी चहाचे पैसे मी देणार, गप्प बसायचं.

तुझाच,
लेन नंबर चारवाला