कॅमेरा नेमका तेव्हाच कसा बंद पडतो?

संपादक महोदय,

कोठडीत कुणाला मारहाण झाली की दुसऱ्या दिवशी ठरलेलं उत्तर येतं, त्या वेळचं फुटेज नाही, कॅमेरा बंद होता. अहो पण सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2020 मध्येच सांगितलंय की प्रत्येक पोलीस ठाण्यात लॉकअप, व्हरांडा, अगदी इन्स्पेक्टरच्या खोलीतसुद्धा कॅमेरा पाहिजे, तोही आवाजासकट, आणि रेकॉर्डिंग 18 महिने, ते जमत नसेल तर निदान वर्षभर तरी ठेवायचं. आणि कॅमेरा चालू ठेवायची जबाबदारी त्या ठाण्याच्या प्रमुखावरच टाकलीये. मग बंद पडला तर त्याला का नाही कोण विचारत?

त्याच्याही आधी 1996 च्या डी. के. बसू खटल्यात अटकेचा मेमो, नातेवाईकाला कळवणं, दर 48 तासांनी डॉक्टरी तपासणी हे सगळं ठरवून दिलंय. पण ही तपासणी होते तेव्हा पोलीस बाजूलाच उभा असेल तर माणूस डॉक्टरला काय सांगणार डोंबल!

फार फार तर सस्पेंड करतात, पण सस्पेन्शन म्हणजे शिक्षा नव्हे, निम्मा पगार चालूच असतो. सगळे पोलीस तसे नसतात हे मान्य, रात्रंदिवस राबणारे पण आहेतच. म्हणूनच म्हणतो, चौकशी त्याच ठाण्याच्या किंवा शेजारच्या साहेबाकडे देऊ नका, आणि फुटेज गायब असेल तर आधी ठाणे प्रमुखावर कारवाई करा, बाकीचं नंतर बघू.

– एक वाचक