टॅबलेट कोणती?

संपादक महोदय,

'टॅबलेट' म्हणजे मुळात छोटी पाटी. मेसोपोटेमियातली मातीची पाटी टॅबलेट, नातवाच्या हातातली काचेची पाटीही टॅबलेटच. गंमत इथवर ठीक. घोळ औषधाच्या पाकिटावर होतो. नावापुढे 'एसआर' किंवा 'ईआर' असेल, तर ती गोळी औषध तासन्‌तास थोडे थोडे सोडते. गिळवत नाही म्हणून खलात चुरली, की सगळा डोस एकदम अंगात. मधोमध रेघ असली तरी विचारूनच मोडावी. पावसाळ्यात गोदाकाठी वापरायची क्लोरीनची टॅबलेट तर गिळायचीच नाही: पाण्यात विरघळवून 30 मिनिटे थांबायचे. ती तापाच्या गोळ्यांच्या डब्यात कशाला? पाकिटावर मराठीत ठळक 'चुरू नये' छापायला काय हरकत आहे?

– एक फार्मासिस्ट, पंचवटी, नाशिक