हिमोग्लोबिनची तुलना ही शिडी नव्हे
विज्ञान पुरवणीतील 'रक्तातील उत्क्रांती' हा लेख वाचला. विषय उत्तम निवडला आहे. मात्र प्राण्यांच्या हिमोग्लोबिनमधील फरक मोजून त्यांना 'प्रगत' आणि 'अप्रगत' ठरवणे मला मान्य नाही.

हिमोग्लोबिन हे रक्तात प्राणवायू वाहून नेणारे प्रथिन अल्फा आणि बीटा या साखळ्यांचे बनते, आणि प्रत्येक साखळी म्हणजे एकापुढे एक जोडलेली अमिनो आम्ले. माणसाच्या हिमोग्लोबिनमधील बीटा साखळीत अशी 146 अमिनो आम्ले असतात. चिंपांझीची साखळी तंतोतंत तशीच असते. गोरिलाच्या साखळीत एका जागी फरक आढळतो, ऱ्हीसस माकडाच्या सुमारे 8, उंदराच्या 27, तर बेडकाच्या 67 जागी. हे आकडे सांगतात ते एवढेच, की समान पूर्वजापासून दोन वंश वेगळे होऊन साधारण किती काळ लोटला. पूर्वज समान असल्याने तेवढाच काळ बेडकाच्या वंशानेही बदलत काढला आहे. बेडकापासून मोजायला सुरुवात केली, तर माणूस आणि उंदीर जवळपास सारखेच दूर ठरतात. लेखासोबतच्या तक्त्यात हा दुसरा स्तंभही छापायला हवा होता, मग गैरसमजाला जागाच उरली नसती.

शिवाय फरकांची संख्या आणि त्यांचे महत्त्व या वेगळ्या गोष्टी आहेत. हिमालय ओलांडणाऱ्या पट्टकादंब हंसाच्या अल्फा साखळीत 119व्या जागी प्रोलीन या अमिनो आम्लाऐवजी अ‍ॅलानिन असते. प्राणवायू घट्ट धरण्याची त्याच्या हिमोग्लोबिनची क्षमता मुख्यतः या एका बदलामुळे वाढते, आणि विरळ हवेतही तो उडू शकतो याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

— एक वाचक