शनिवारी सामान नको

प्रिय बाळ्या,

चार महिन्यांत तुझी तीन पत्रं आली आणि माझ्याकडून एक ओळ गेली नाही. कारण शोधत बसत नाही, सापडलं तरी तू मानणार नाहीस. आज बसलो ते तिसऱ्या पत्रातल्या एका वाक्यामुळे. 'नव्या घराच्या चाव्या मिळाल्या, शनिवारी सामान हलवतो.' पुढची दीड पानं पडदे आणि भिंतींच्या रंगावर. पाण्याबद्दल अवाक्षर नाही. माझी तब्येत बरी आहे, कंबर अधूनमधून कुरकुरते, झालं.

शनिवार रद्द कर. निदान आठ दिवस पुढे ढकल. गाडीवाल्याशी बोलायची लाज वाटत असेल तर मी बोलतो.

घर रिकामं असतं ते एवढेच दिवस. पाणी कुठे झिरपतंय ते उघड्या भिंतीवर आणि उघड्या फरशीवर दिसतं. एकदा पलंग, कपाटं लागली की थेट बुरशीचा वास आल्यावर कळतं, तोवर कपाटाची पाठ फुगलेली असते. आणि तू कपाट भिंतीला चिकटवूनच लावणार. खोलीवर असताना यावरून दोन दिवस अबोला धरला होतास. मी तेव्हाही बरोबर होतो. बाहेरच्या बाजूच्या भिंतीपासून चार बोटं जागा सोड, मागे हवा खेळली पाहिजे.

आता सांग, तुमच्या घरी पाण्याचा मेन व्हॉल्व कुठे आहे? नाही सांगता येणार. काकांना विचार, ते झोपेत सांगतील. त्याच्या दांड्याला त्यांनी लाल चिंधी बांधलीय, अंधारात हाताला लागावी म्हणून. आजवर नळ तुटला की तू 'बाबाऽ' अशी हाक मारलीस आणि पाणी बंद झालं. नव्या घरात ती हाक मारून काही होणार नाही. तेव्हा पहिल्या दिवशी पहिलं काम हे. व्हॉल्व शोध, पूर्ण बंद कर आणि मग घरातला प्रत्येक नळ उघडून बघ. पाणी पूर्ण थांबलं पाहिजे. पाच-दहा मिनिटांनीही बारीक धार चालूच असेल तर व्हॉल्व आतून बसत नाही, तो आत्ताच बदल. जुन्या चाकाच्या व्हॉल्वचं हेच होतं, वर्षानुवर्षं कुणी फिरवत नाही आणि नेमका लागतो त्या रात्री अडकतो. पाव वळणाच्या दांड्याचा बॉल व्हॉल्व लाव आणि दर दोन-तीन महिन्यांनी एकदा उघडझाप करत जा.

मग मीटर. रात्री सगळे नळ बंद करून आकडा लिहून ठेव, शेवटचे लाल आकडेसुद्धा, आणि सकाळी पाण्याला हात लावायच्या आधी पुन्हा बघ. आकडा सरकला असेल तर कुठेतरी गळतंय. पुढच्या रात्री हेच मेन व्हॉल्व बंद करून कर. तरीही सरकला तर गळती मीटर आणि व्हॉल्वच्या मधे. थांबला तर घराच्या आत. मीटर नसेल आणि टाकी फक्त तुझीच असेल, तर टाकीच्या आत खडूने पाण्याची रेघ मार. आत गळत असेल तर पहिला संशय फ्लशच्या टाकीवर घे. टाकीत थोडा खायचा रंग टाक, अर्धा तास फ्लश करू नकोस. भांड्यात रंग उतरला की आतलं रबर गेलंय. 'एक थेंब तर पडतो' असं म्हणू नकोस. सेकंदाला एक थेंब, वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला चार लिटरच्या वर जातं. तुझं गणित कच्चं आहे म्हणून करून दिलं.

नवीन बांधकामाच्या पाइपांत वाळू आणि पाइप कापताना उडालेला प्लास्टिकचा कीस असतो. प्रत्येक नळाच्या तोंडाची जाळी काढ, पाच मिनिटं पूर्ण धार सोड, जाळी धुऊन परत बसव. हे न करता वॉशिंग मशीन जोडलंस तर तो कीस तिच्या आतल्या बारीक जाळीत जाऊन बसतो. मग मशीनमध्ये पाणी चढत नाही आणि लोक मशीनलाच नावं ठेवतात.

आता खरी गोष्ट, न्हाणीघर. माझा सगळा जीव तिथे अडकलाय. खाली जाणारं भोक जुन्या कापडावर प्लास्टिकची पिशवी गुंडाळून घट्ट बंद कर. मग पाणी भर, इतकं की फरशीच्या सर्वांत उंच कोपऱ्यातही एक सेंटिमीटर उभं राहील, पण उंबरठ्याच्या खालीच राहील. दीड बाय दोन मीटरच्या न्हाणीघराला साठेक लिटर लागतं, चार बादल्या. वजनाची धास्ती घेऊ नकोस, तू एकटा उभा राहिलास तरी त्याहून जास्त भरतोस. भिंतीवर पेन्सिलने पाण्याची रेघ ओढ. शेजारी परातीत पाणी ठेवून तिच्यावरही रेघ मार. चोवीस तास थांब, अठ्ठेचाळीस थांबलास तर उत्तम. पाणी थोडं वाळतंच, ते किती ते परात सांगेल. न्हाणीघरातलं त्याहून जास्त उतरलं तर पहिल्यांदा बोळा तपास. बोळा घट्ट असेल तर पाणी फरशीखाली जातंय. या काळात खालच्या मजल्यावर जाऊन त्यांच्या छताकडे दोनदा बघून ये. ओळखही होईल.

गळतं कुठून? फरशीतून सहसा नाही. मोरीच्या जाळीभोवती, भिंत आणि फरशीच्या सांध्यात आणि पाइप जमिनीतून आरपार जातो तिथे. फरशांच्या मधली भर पाणी अडवायला नसतेच. पाणी अडतं ते फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगच्या थरावर, आणि तो भिंतीवर वीतभर तरी चढवलेला लागतो. त्यामुळे 'साहेब, सांधे भरून देतो, काम होऊन जाईल' असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नकोस. चार महिने गळणार नाही, मग पुन्हा गळेल आणि तेव्हा तुझं सामान आत असेल. फरशी उचलावी लागते, थर नव्याने द्यावा लागतो, तो वाळू द्यावा लागतो, फरशी बसवण्याआधी पुन्हा पाणी भरून बघावं लागतं. आठ-दहा दिवस मोडतात. शनिवार रद्द कर म्हटलं ते यासाठी.

पाणी सोडून देताना उताराकडेही लक्ष ठेव. मीटरला एक सेंटिमीटर उतार पुरतो. दहा मिनिटांनी कोपऱ्यात डबकं उरलं तर त्यात नाणं ठेव. नाणं बुडालं तर मिस्त्रीला बोलाव, नाही बुडालं तर खराट्याने ओढून काढ आणि गप्प बस. सगळंच सरळ करायला गेलास तर घरात राहायला कधी जाणार?

बरेच दिवस बंद असलेल्या घरात गटाराचा वास येतो. घाबरू नकोस. पाइपाच्या वाकड्या भागात दोन इंच पाणी साचून राहायला हवं, तेच वास अडवतं. ते वाळलंय. प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओत.

भिंतीवर ओलीचा डाग दिसला तर हातभर प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेव. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतली, बाहेरच्या बाजूला जमले तर हवेतली. रंगारी यायच्या आधी हे कर. ओल्या भिंतीवरचा रंग पोपडे धरून सुटतो, मग त्या दीड पानाचं काय करशील?

लवचीक नळ्या तू स्वतः जोडणार हे मला माहीत आहे, पाना हातात आला की तुला राहवत नाही. नळीच्या टोकाला रबरी वॉशर असतो, तिथे टेप गुंडाळायचा नाही. हाताने घट्ट कर, मग पान्याने पाव वळण, बस. जास्त पिळलंस की वॉशर कापला जातो किंवा प्लास्टिकचा नट तडकतो, आणि तो लगेच नाही, रात्री तीनला फुटतो. टेप फक्त उघड्या आट्यांवर, आट्यांच्या तोंडाकडून बघताना घड्याळाच्या दिशेने, पाच-सहा वेढे. उलटा गुंडाळलास तर फिरवताना सगळा गोळा होऊन बाहेर येतो. गीझरचं बटण दाबायच्या आधी गरम पाण्याचा नळ उघडून अखंड धार येऊ दे, कोरडा तापला तर आतली कॉइल जळते. आणि तापताना त्याच्या सेफ्टी व्हॉल्वमधून दोन-चार थेंब पडतात, ते तोंड बंद करू नकोस.

बाकी सामानाचं तुला कळतं. पुस्तकं छोट्या खोक्यांत भर, पंधरा किलोच्या वर एकही खोकं नको. नाव बाजूला लिही, वर लिहिलेलं रचल्यावर दिसत नाही. फ्रिज उभाच न्यायचा. मेन स्विचशेजारी विजेच्या झटक्यापासून वाचवणारा स्विच असेल, त्यावरचं 'टी' लिहिलेलं बटण दाबून बघ. वीज तटकन गेली पाहिजे. नाही गेली तर आधी इलेक्ट्रिशियन. कुलपाचा आतला सिलिंडर बदल, जुन्या चाव्या किती जणांकडे आहेत ते कुणाला ठाऊक.

नोकरी बदललीस ते वाचलं, छान झालं. धाकटीच्या परीक्षेचं काय ते कळव. काकू रडल्या असं लिहिलंयस. त्यांना म्हणावं, अजून आठ-दहा दिवस तू तिथेच आहेस.

पाणी भरशील त्या दिवशी काकांना बरोबर घेऊन जा. परात ते धरतील आणि तुझी पेन्सिलची रेघ वाकडी आहे हेही सांगतील. व्हॉल्वला चिंधी त्यांनाच बांधू दे. मला मीटरचे दोन आकडे पाठव, रात्रीचा आणि सकाळचा. पडद्यांचं नंतर बोलू.

तुझा,
भाऊ

ता. क. वॉशिंग मशीन पुढून उघडणारी नवी घेतली असशील तर मागचे वाहतुकीचे तीन-चार बोल्ट काढल्याशिवाय चालू करू नकोस, नाहीतर ती खोलीभर नाचेल. बोल्ट जपून ठेव, पुन्हा हलवताना लागतात. आणि माळा उपसताना बुद्धिबळातला काळा उंट सापडेल. तो माझा आहे.